मंत्र्यांच्या दालनातले हसू : 'येस मिनिस्टर'ची घडण आणि तिची किंमत

टिमथी इव्हान्स या तरुणाला ९ मार्च १९५० रोजी लंडनमध्ये फाशी देण्यात आली. स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरवले होते. तीन वर्षांनी त्याच घरात खालच्या मजल्यावर राहणारा जॉन ख्रिस्ती हा अनेक स्त्रियांचा खुनी असल्याचे उघड झाले. इव्हान्सच्या खटल्यात हाच ख्रिस्ती सरकारपक्षाचा महत्त्वाचा साक्षीदार होता. निरपराध माणूस फासावर गेला, ही शंका बळावत गेली. मजूर पक्ष विरोधी बाकांवर असताना सर फ्रँक सॉस्किस यांनी या प्रकरणाच्या चौकशीची मागणी उचलून धरली. १९६४मध्ये तेच गृहमंत्री झाले. मागणी आता त्यांच्याच टेबलावर आली, आणि सुरुवातीला त्यांनी ती फेटाळली.

माणूस तोच, मागणी तीच. बदलली होती ती फक्त खुर्ची. मग मधल्या काळात त्या मंत्रालयात नेमके घडले तरी काय? अँटनी जे यांना छळणारा हा प्रश्न 'येस मिनिस्टर' या मालिकेचे बीज ठरला. जगभर निखळ करमणूक म्हणून पाहिल्या गेलेल्या या मालिकेचे मूळ एका फाशीत आहे, हे लक्षात ठेवून तिच्या पडद्यामागे गेले तर तिचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच जागी सापडतात. ती जागा म्हणजे तिच्या निर्मितीची पद्धत.

मालिकेचे लेखक दोघे, अँटनी जे आणि जोनाथन लिन. जे हे बीबीसीच्या 'टुनाइट' या चालू घडामोडींच्या कार्यक्रमात घडलेले. व्यवस्थापनशास्त्राकडे मॅकियाव्हेलीच्या नजरेतून पाहणारे त्यांचे पुस्तक १९६७मध्ये आले होते. लिन रंगभूमीवरचे नट आणि दिग्दर्शक. दोघांची गाठ पडली ती जॉन क्लीझ यांच्यासह स्थापन झालेल्या 'व्हिडिओ आर्ट्स' या कंपनीच्या कामात. कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांसाठी ही संस्था विनोदी प्रशिक्षणपट काढत असे. सभा कशी चालवू नये, गिऱ्हाइकाशी कसे बोलू नये, असा एकेक दोष घ्यायचा आणि तो हसवत हसवत उलगडून दाखवायचा, ही तिथली रीत. 'येस मिनिस्टर'चा जवळजवळ प्रत्येक भाग याच साच्यातला आहे. चौकशी समिती कशी नेमावी म्हणजे चौकशी होणार नाही, माहिती कशी द्यावी म्हणजे ती कळणार नाही, असा कारभारातला एकेक डाव निवडून त्याचे प्रात्यक्षिक दाखवलेले असते. मालिकेला जी पाठ्यपुस्तकाची प्रतिष्ठा मिळाली, तिचे कारण या उमेदवारीत आहे.

पण प्रात्यक्षिकाला माल लागतो. तो आला मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट रिचर्ड क्रॉसमन यांच्या रोजनिशीची. विल्सन मंत्रिमंडळात गृहनिर्माण खाते सांभाळताना डेम एव्हलिन शार्प या तेजतर्रार सचिवांशी झालेले त्यांचे झगडे त्यांनी तपशिलाने नोंदवून ठेवले होते. १९७४मध्ये क्रॉसमन वारले. रोजनिशीचे प्रकाशन थांबवण्यासाठी सरकार न्यायालयात गेले आणि हरले. मंत्रिमंडळाच्या बंद दाराआडचे व्यवहार असे सविस्तर छापले गेल्यामुळे सरकारी गुप्ततेच्या भिंतीला भले मोठे भगदाड पडले, आणि जे-लिन त्यातून आत शिरले. दुसरी वाट जिवंत माणसांची. पंतप्रधान विल्सन यांच्या निकटच्या मार्शिया विल्यम्स आणि पंतप्रधानांच्या कार्यालयात धोरण सल्लागार असलेले बर्नार्ड डोनह्यू यांनी त्यांना आतल्या गोष्टी पुरवल्या. मद्यबंदीच्या देशातल्या मेजवानीत ब्रिटिश शिष्टमंडळ 'संदेश कक्षा'च्या नावाखाली दारूची खोली थाटते आणि मंत्र्यांना दर थोड्या वेळाने तातडीचे निरोप येऊ लागतात, हा प्रसंग पाहणाऱ्याला शुद्ध कल्पना वाटतो. त्याचे मूळ ब्रिटिश नेत्यांच्या पाकिस्तान भेटीत घडलेल्या खऱ्या किश्शात आहे.

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. क्रॉसमन, विल्यम्स, डोनह्यू हे तिघेही मजूर पक्षाच्या गोटातले. निवडून आलेल्या सरकारचे कार्यक्रम सचिवालयाच्या दलदलीत रुततात, ही त्यांची तक्रार. ती तक्रार सत्ता राबवू पाहणाऱ्यांची आहे, सत्तेकडे दाद मागणाऱ्यांची नव्हे. माहिती कितीही अस्सल असली तरी ती देणाऱ्याची बाजू तिच्यासोबत येतेच. सर हम्फ्री ऍपलबी इतके बारकाईने रंगले याचे कारण त्यांच्या हातून हरलेल्या माणसांनी त्यांचे वर्णन केले आहे. पराभूताइतका प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास कोण करणार?

दुसरी मर्यादा आली ती चित्रणाच्या पद्धतीतून. अर्ध्या तासाची मालिका, स्टुडिओत बसलेले प्रेक्षक, त्यांचे खरेखुरे हसू आणि मोजके सेट. त्यामुळे नाट्य एखाददुसऱ्या खोलीत आणि तीन माणसांत मावले पाहिजे. मंत्री जिम हॅकर (पॉल एडिंग्टन), सचिव सर हम्फ्री (नायजेल हॉथॉर्न) आणि दोघांच्या मध्ये अडकलेला खासगी सचिव बर्नार्ड वुली (डेरेक फाउल्ड्स). बर्नार्डची योजना तर फारच हुशारीची. रोजचे काम मंत्र्यासाठी, बढती मात्र सचिवाच्या हाती! त्यामुळे व्यवस्थेतला मूळ पेच एका माणसाच्या अवघडलेल्या चेहऱ्यावर वाचता येतो. हॅकरचा पक्ष कोणता, हे अखेरपर्यंत सांगितले जात नाही. खरा कारभार संसदेत चालत नाही, या धारणेने लेखकांनी संसदेच्या सभागृहातले प्रसंगही टाळले. पथदर्शी भाग १९७९च्या निवडणुकीआधी तयार असूनही बीबीसीने तो थांबवून ठेवला, आणि पहिले प्रक्षेपण २५ फेब्रुवारी १९८० रोजी झाले. सत्ताबदलाने त्यातला एकही विनोद शिळा झाला नाही. आपल्याकडचे 'विच्छा माझी पुरी करा' आठवून पाहावे. तिथे दादा कोंडके कालच्या बातमीवर आजच्या प्रयोगात कोटी करत, आणि ती रंगायची ती ताजेपणामुळे. 'येस मिनिस्टर'ने ताजेपणाचा त्याग करून टिकाऊपणा मिळवला.

या त्यागाचा हिशेब २० जानेवारी १९८४ रोजी पुढे आला. एका पुरस्कार समारंभात खुद्द पंतप्रधान मार्गारेट थॅचर एडिंग्टन आणि हॉथॉर्न यांच्यासोबत रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी एक छोटे प्रहसन सादर केले. देशातले अर्थतज्ज्ञ रद्दच करून टाका, असा आदेश त्या हॅकरला देतात, असा त्याचा विषय. लिन यांनी आभार मानताना पंतप्रधानांनी विनोदी मालिकांच्या क्षेत्रात आपले योग्य स्थान पटकावल्याबद्दल कोपरखळी मारली. पण प्रश्न कोपरखळीने मिटणारा नव्हता. नोकरशाहीला कात्री लावणे हा थॅचर सरकारचा जाहीर कार्यक्रम होता, आणि मजूर पक्षाच्या माणसांनी पुरवलेल्या दारूगोळ्यावर उभी राहिलेली मालिका त्या कार्यक्रमाच्या कामी येत होती. सरकारी माणूस लोकहिताच्या नावाखाली स्वहितच साधतो, हा जेम्स ब्यूकॅनन यांच्या 'पब्लिक चॉइस' पंथाचा सिद्धांत. मालिकेच्या विचारामागे तो असल्याचे जे यांनी पुढे मान्य केले, आणि ॲडम कर्टिस यांनी 'द ट्रॅप' या २००७च्या माहितीपटात त्यावरच बोट ठेवले.

कर्टिस यांचा आक्षेप अर्धा खरा आहे. रोगी नसलेल्या, पण कर्मचाऱ्यांनी भरलेल्या रुग्णालयाचा प्रसिद्ध भाग पाहताना सरकारी खर्च म्हणजे उधळपट्टी, असा निष्कर्ष सहज निघतो. पण त्याच भागात हॅकरचे कैवार घेणेही प्रसिद्धीच्या हव्यासातून आलेले दिसते. लेखन सिद्धांताहून शहाणे आहे. सर हम्फ्रींच्या लांबलचक, अल्पविरामांनी लगडलेल्या वाक्यांत फसवणूक आहे तशी बुद्धीची मौजही आहे. प्रेक्षक त्यांच्यावर रागावत नाही, त्यांच्यावर लुब्ध होतो. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. ज्याच्यावर लुब्ध झालो, त्याला बदलावेसे कसे वाटेल?

पद्धत बदलली की उपहासाची नजर बदलते, याचा पुरावा पुढच्या पिढीने दिला. आर्मांडो इआनुची यांनी २००४मध्ये बीबीसीच्या सर्वोत्तम विनोदी मालिकेच्या स्पर्धेत 'येस मिनिस्टर'ची वकिली केली, आणि पुढच्याच वर्षी 'द थिक ऑफ इट' आणली. प्रेक्षकांचे हसू काढून टाकले, कॅमेरा हातात घेऊन पळवला, नटांना संहितेबाहेर जाऊन बोलू दिले आणि शिव्या रचण्यासाठी इयन मार्टिन यांच्यासारखा खास लेखक नेमला. या धावत्या कॅमेऱ्याला संथ, सुसंस्कृत सचिव दिसेनासा झाला. दिसू लागला तो संध्याकाळच्या बातम्यांना घाबरलेला मंत्री आणि त्याच्यावर गुरगुरणारा प्रसिद्धीप्रमुख. तरी शेवट तोच. या मालिकेने घडवलेला 'ऑम्निशॅम्बल्स' हा शब्द २०१२मध्ये एड मिलिबँड यांनी संसदेत सरकारवर फेकला. उपहास पुन्हा एकदा राजकारण्याच्या खिशात गेला.

भारतात २००१मध्ये स्टार प्लसवर 'जी मंत्रीजी' आली. फारूख शेख मंत्री, जयंत कृपलानी सचिव. दोघांचेही काम नेटके. पण मूळ नाट्य ज्या पायावर उभे आहे तो पायाच इथे वेगळा आहे. ब्रिटनमधला मंत्री सचिवाला सहजी हलवू शकत नाही, म्हणून सर हम्फ्री निर्धास्त. आपल्याकडे मंत्र्याच्या हाती 'बदली' नावाचे हत्यार असते. बदलीच्या भीतीने गप्प बसणारा अधिकारी आणि बदली पत्करून न नमणारा अधिकारी, ही इथली खरी पात्रे. आयात केलेल्या साच्यात त्यांना जागा नव्हती. संहिता उसनी आणता येते, क्रॉसमनची रोजनिशी उसनी आणता येत नाही. तशी नोंद इथल्या कोणी ठेवायला हवी.

आता पुन्हा इव्हान्सकडे. काही बदलत नाही, हे 'येस मिनिस्टर'चे तत्त्वज्ञान. पण ज्या प्रकरणातून ती जन्मली तेच त्याला खोटे पाडते. लुडोविक केनेडी यांच्या १९६१च्या पुस्तकाने आणि चिकाटीने चाललेल्या मोहिमेने दबाव वाढत गेला. सॉस्किस यांना १९६५मध्ये अखेर चौकशी नेमावीच लागली. त्याच वर्षी खुनासाठीची फाशी कायद्याने थांबली, आणि १९६६मध्ये इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली. हे सारे मंत्र्याच्या दालनाबाहेरून रेटले गेले. मालिकेच्या अडतीस भागांत आपण त्या दालनात मनमुराद हसतो. त्या दाराबाहेर अर्ज घेऊन उभा असलेला माणूस मात्र चौकटीत जवळजवळ येतच नाही.