तीन चिठ्ठ्या, एक मूत्रपिंड

टीका म्हटलं की कवितेची, कादंबरीची, फार तर नाटकाची. आज आम्ही ज्या मजकुरावर बोलणार आहोत तो सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांच्या घरी प्लास्टिकच्या फायलीत पडलेला असतो. तो कोणी वाचत नाही, फक्त पाळतो. डॉक्टरांची चिठ्ठी.

आमच्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं उदाहरण घेऊ. वय 78. तिच्या फायलीत तीन चिठ्ठ्या. पहिली हृदयाच्या डॉक्टरांची: रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड, एकाच गोळीत. दुसरी गुडघ्यासाठी: अ‍ॅसिक्लोफेनॅक, दिवसातून दोनदा, पाच दिवस. हे पाच दिवस अक्काचे सात महिने चालले, कारण रिकामी स्ट्रिप दाखवली की दुकानदार नवी देतो. तिसरी पुण्याला मुलीकडे असताना मनगट मोडलं तेव्हाची: ठिसूळ हाडांसाठी अ‍ॅलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा.

एकेक चिठ्ठी सुटी तपासा, चूक सापडणार नाही. मे महिन्यात अक्काला दोन दिवस जुलाब झाले, लघवी कमी झाली, आणि रक्त तपासलं तर क्रिएटिनिन 0.9 होतं ते 2.1 वर गेलेलं.

झालं काय ते नीट समजून घेऊ, कारण इथे तर्कशास्त्र आणि शरीरशास्त्र एकत्र येतात. मूत्रपिंडातल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि रक्त नेणारी दुसरी. गाळणीत दाब राहिला तर गाळण होतं. दुखण्याची गोळी आणणारी नळी आकसवते. टेल्मिसार्टन नेणारी नळी सैल करतं. लघवी वाढवणारं औषध अंगातलं पाणी कमी करतं. तिघांपैकी एकाने ओढलं तर शरीर सावरतं. तिघांनी एकदम ओढलं आणि वर जुलाब झाले, की गाळण मंदावतं. प्रत्येक वीट हलकी म्हणून भिंत हलकी, असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही पहिल्या वर्षात नापास करायचो. इथे मात्र प्रत्येक चिठ्ठी बरोबर म्हणून फाइल बरोबर, असं सगळ्यांनीच धरलं होतं. आम्हीसुद्धा, हे कबूल करायला हवं. चाळीस वर्षं तर्कदोष शिकवले आणि दर रविवारी त्याच घरी जेवलो.

पुढचा भाग आणखी बोलका आहे. मूत्रपिंडाची गाळण मिनिटाला 35 मिलिलिटरच्या खाली गेली तर अ‍ॅलेंड्रोनेट देऊ नये, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. म्हणजे गुडघ्याच्या गोळीने हाडांच्या गोळीच्या पायाखालची जमीन काढून घेतली. शिवाय ही गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन पुढचा अर्धा तास काही खायचं नाही, आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. अक्का ती चहाबरोबर घेऊन पुन्हा पडायची. चिठ्ठीवर होतं फक्त ‘सकाळी 1’.

आता कोणी म्हणेल, हा गर्दीच्या दवाखान्याचा दोष आहे. तसं नाही. अवयव सुटा करून प्रश्न विचारायची सवय संशोधनातही आहे. रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचं औषध आठवा. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सुमारे 8,000 संधिवाताचे रुग्ण होते. प्रश्न पोटाचा विचारला होता, आणि उत्तर चांगलं आलं: नेप्रोक्सेनपेक्षा पोटाचा त्रास कमी. पण त्याच चाचणीत हृदयविकाराचे झटके जास्त दिसले. त्यावर स्पष्टीकरण दिलं गेलं की रोफेकॉक्सिब अपाय करत नाही, नेप्रोक्सेनच हृदयाचं रक्षण करत असेल. एका निरीक्षणाला दोन कारणं लागू पडत होती; त्यातलं सोयीचं धरलं गेलं. सप्टेंबर 2004 मध्ये कंपनीने औषध जगभर मागे घेतलं, डिसेंबरात भारतात बंदी आली. मधली चार वर्षं लोक गुडघ्यासाठी ते घेतच होते.

चिठ्ठी हा नुसता आज्ञार्थी मजकूर आहे, ही आमची मुख्य तक्रार. ‘घ्या’ आहे, ‘कशासाठी’ नाही, ‘कधीपर्यंत’ जेमतेम, ‘कशाबरोबर नको’ तर नाहीच. कारण लिहिलं असतं तर दुसऱ्या डॉक्टरांना पहिल्यांशी वाद घालता आला असता. मेथोट्रेक्सेटचं बघा. संधिवातात हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं; चुकून रोज घेऊन माणसं दगावली आहेत. तिथे ‘सोमवार’ एवढा एक शब्द लिहायला किती वेळ लागतो? वेळ नाही ही सबब आम्हाला अर्धीच मान्य आहे.

एक गोष्ट मात्र ऐकून जा. हे व्याख्यान ऐकून कोणी घरी जाऊन रक्तदाबाची गोळी बंद करू नये. सगळ्या चिठ्ठ्या, दुकानातून आपल्या मनाने आणलेल्या गोळ्यांसकट, एका पिशवीत भराव्यात आणि एकाच डॉक्टरांपुढे ओताव्यात. आम्ही तेच केलं. त्यांनी आधी अ‍ॅसिक्लोफेनॅक बंद केलं, रक्तदाबाचं औषध बदललं, हाडांचं तूर्त थांबवलं. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.1 वर आलं. गुडघा दुखतोच. पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीचे व्यायाम चालू आहेत, आणि त्यावर व्याख्यान देऊ नकोस असं अक्काने आम्हाला बजावलं आहे.