विश्वास बसतो, ठेवतो की टाकतो? क्लिफर्ड आणि विल्यम जेम्स यांच्या वादाची चिकित्सा

मागच्या वेळी आपण ज्ञान आणि मत यांतला फरक पाहिला. त्यानंतर अनेक श्रोत्यांनी साधारण एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला, की पुरावा नसताना श्रद्धा ठेवणं योग्य की अयोग्य? हा प्रश्न परीक्षेसाठी विचारलेला नाही, हे आम्हाला कळतं. घरात कुणी आजारी असतं, डॉक्टर 'बघू या' एवढंच म्हणतात, आणि मग हा प्रश्न जेवणाच्या ताटाशी येऊन बसतो. म्हणून आज त्याचं उत्तर उपदेशाच्या रूपात न देता आपण दोन निबंध समोर ठेवून तपासणार आहोत. दोन्ही जुने आहेत, दोन्ही छोटे आहेत, आणि आजही या विषयावर बोलणारा माणूस बहुधा या दोघांपैकी एकाच्या बाजूने बोलत असतो. कधी त्याला ते ठाऊक असतं, कधी नसतं.

पहिला निबंध विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाचा, 'द एथिक्स ऑफ बिलीफ'. तो १८७७ साली प्रसिद्ध झाला. क्लिफर्ड एका जहाजमालकाची गोष्ट सांगतो. जहाज जुनं झालेलं आहे, दुरुस्तीला खर्च येणार आहे. मालकाच्या मनात शंका येते. पण तो स्वतःची समजूत घालतो: आजवर इतक्या सफरी नीट झाल्या, ही पण होईल, परदेशी निघालेल्या या कुटुंबांचं रक्षण देव करीलच. हळूहळू त्याला अगदी मनापासून वाटू लागतं की जहाज ठणठणीत आहे. जहाज निघतं, बुडतं, माणसं मरतात. मालकाला विम्याचे पैसे मिळतात.

आता क्लिफर्डचा प्रश्न बघा. मालक खोटं बोलला का? नाही. त्याला खरोखरच तसं वाटत होतं. तरी तो दोषी आहे, कारण समोर असलेल्या पुराव्यावरून तसं वाटून घेण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आणि पुढची पायरी त्याहून महत्त्वाची आहे. समजा, जहाज सुखरूप पोचलं असतं, तर? क्लिफर्ड म्हणतो, तरीही तो तितकाच दोषी. दोष निकालात नसतो, समजूत करून घेण्याच्या रीतीत असतो. यावरून तो सरसकट निष्कर्ष काढतो की पुरावा अपुरा असताना काहीही खरं मानणं हा नैतिक अपराध आहे, आणि या नियमाला अपवाद नाही.

हे केवळ टेबलाशी बसून सुचलेलं उदाहरण नसावं. १८७० साली ग्रहणाच्या निरीक्षणासाठी निघालेल्या मोहिमेत क्लिफर्ड स्वतः जहाजफुटीतून वाचला होता. पुढे १८७९ साली, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला.

दुसरा निबंध विल्यम जेम्सचा, 'द विल टू बिलीव्ह', १८९६ सालचा. मुळात हेही व्याख्यानच, विद्यापीठातल्या तत्त्वज्ञान-मंडळांपुढे दिलेलं. जेम्स हार्वर्डचा, शिक्षणाने डॉक्टर. 'प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी' हा त्याचा मोठा ग्रंथ १८९० साली आला होता. म्हणजे मन कसं चालतं याचा अभ्यास केलेला हा माणूस. तरुणपणी तो स्वतः खोल निराशेतून गेला होता. १८७०च्या दैनंदिनीत त्याने नोंद केली आहे की फ्रेंच तत्त्वज्ञ रनूव्हिए वाचून त्याने ठरवलं, आपल्या इच्छास्वातंत्र्याची पहिली कृती म्हणजे इच्छास्वातंत्र्य आहे असं मानणं. तेव्हा श्रद्धेचा प्रश्न त्याच्यासाठी जगण्याचा प्रश्न होता.

जेम्सवर एक अन्याय नेहमी होतो. 'जेम्स म्हणतो, वाटेल ते माना', असं सांगितलं जातं. तो असं म्हणत नाही. त्याने कडक अटी घातल्या आहेत. विकल्प जिवंत हवा, म्हणजे दोन्ही बाजू आपल्याला खरोखर शक्य वाटल्या पाहिजेत. विकल्प अटळ हवा, म्हणजे न निवडणं हीसुद्धा निवडच ठरली पाहिजे. तो मोलाचा हवा, छत्री न्यावी की न न्यावी असला नको. आणि बुद्धीला पुराव्याच्या आधारे निर्णय देणं शक्य नसलं पाहिजे. एवढं सगळं जमलं तरच आपल्या भावनिक स्वभावाने निर्णय घेणं रास्त, असं तो म्हणतो. निबंधाला 'मानण्याचा अधिकार' असं नाव द्यायला हवं होतं, असं पुढे त्याने स्वतःच म्हटलं.

जेम्सची ताकद त्याच्या उदाहरणांत आहे. आगगाडीत मूठभर दरोडेखोर शिरतात आणि डबाभर माणसांना लुटतात. का? कारण प्रत्येक प्रवाशाला वाटतं, मी उठलो तर बाकीचे बसूनच राहतील आणि गोळी मला लागेल. सगळे उठतील असा भरवसा प्रत्येकाला असता, तर सगळे उठलेही असते. मैत्रीचंही तसंच. 'त्याला मी आवडतो याचा पुरावा मिळेपर्यंत मी एक पाऊलही पुढे टाकणार नाही', असं म्हणणाऱ्याला मित्र मिळत नाहीत. काही गोष्टी आधी मानल्याशिवाय खऱ्याच होत नाहीत. इथे क्लिफर्डचा नियम तोकडा पडतो, हे आपल्याला मान्य करावंच लागेल.

मग जेम्स जिंकला का? आमच्या मते नाही. आणि तो कुठे घसरला हे दाखवायला आपली मराठी उपयोगी पडते. इंग्रजीत तो 'बिलीफ' हा एकच शब्द वापरत पुढे जातो. आपल्याकडे 'विश्वास' हा शब्द एकच असला, तरी त्याची क्रियापदं तीन आहेत. विश्वास बसतो. विश्वास ठेवतो. विश्वास टाकतो.

'माझा विश्वास बसत नाही', असं आपण म्हणतो तेव्हा ती आपली कृती नसते, आपल्या बाबतीत घडणारी गोष्ट असते. बाहेर ऊन आहे यावर विश्वास बसतो. कुणी हजार रुपये देतो म्हणाला तरी 'पाऊस पडतोय' यावर विश्वास बसवता येत नाही. बसणं पुराव्याच्या हाती असतं. 'टाकणं' याच्या उलट आहे. ती कृती आहे, ती दुसऱ्या माणसावर होते, तिच्यात जोखीम असते. म्हणूनच बसलेला विश्वास 'उडतो', पण टाकलेल्या विश्वासाचा 'घात' होतो. जहाजाने कुणाचा विश्वासघात केला असं आपण म्हणत नाही. मालकाने केला असं म्हणतो. 'ठेवणं' या दोहोंच्या मध्ये आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. 'डॉक्टरांवर विश्वास ठेव' म्हणजे त्यांच्या हाती स्वतःला सोपव. पण 'या गोष्टीवर विश्वास ठेव' म्हणजे ती खरी आहे असं मान. दोन वेगळ्या मागण्या, एकच क्रियापद.

आता पुन्हा जेम्सकडे चला. दरोडेखोरांचं उदाहरण, मैत्रीचं उदाहरण, ही दोन्ही टाकण्याची आहेत. तिथे तो बरोबर आहे. पण त्याला जायचं आहे ईश्वराकडे. 'ईश्वर आहे' हे विधान बसण्याच्या गटातलं आहे. ते खरं असेल किंवा नसेल, आपल्या मानण्याने त्यात फरक पडत नाही. ही दरी जेम्सला दिसत नव्हती असं नाही. तो पूल बांधतो: धर्मात विश्व आपल्यासमोर व्यक्तीच्या रूपात येतं, 'तू' म्हणून येतं, तेव्हा मित्राकडे जावं तसं आपणही अर्ध्या वाटेवर जायला हवं, नाहीतर पुरावा कधीच मिळणार नाही. युक्तिवाद देखणा आहे. पण मित्राच्या बाबतीत मित्र समोर बसलेला असतो. शंका त्याच्या प्रेमाबद्दल असते, अस्तित्वाबद्दल नसते. इथे नेमकं अस्तित्वच प्रश्नांकित आहे. जे सिद्ध करायचं, तेच पुलाच्या पलीकडच्या खांबाला गृहीत धरलेलं आहे.

जेम्सच्या मांडणीत आणखी एक उणीव आहे. श्रद्धा म्हणजे एक गृहीतक, आणि श्रद्धाळू म्हणजे दोन गृहीतकांपैकी एक निवडणारा माणूस, असं त्याचं चित्र आहे. ते कुणाचं चित्र आहे? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, विज्ञान शिकताना घरचा धर्म निसटू लागलेल्या सुशिक्षित तरुणाचं. त्याच्यापुरतं ते खरं आहे. पण आळंदीहून पंढरपूरला चालणारा वारकरी 'विठ्ठल आहे' या गृहीतकाची चाचणी घ्यायला निघालेला नसतो. त्याने विश्वास टाकलेला आहे, आणि तोही माय म्हणून, सखा म्हणून. तुकोबांच्या गाथेत देवाशी भांडण आहे, रुसवा आहे, त्याला केलेली बोलणी आहेत. गृहीतकाशी कुणी भांडत नाही. ते फार तर सोडून देतं. भक्ती ही सिद्धान्तापेक्षा नात्याच्या जवळची आहे, हे जेम्सच्या चौकटीत नीट मावत नाही. मात्र याने 'ईश्वर आहे का' या प्रश्नाचं उत्तर मिळतं असंही कुणी समजू नये. नातं उत्कट आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आता क्लिफर्डचा हिशेब. त्याचा नियम जसाच्या तसा पाळणं कुणालाच शक्य नाही. आपली जन्मतारीखसुद्धा आपण आईवडिलांच्या शब्दावर मानलेली असते. आणि 'अपुऱ्या पुराव्यावर काही मानू नये' या नियमाला तरी पुरेसा पुरावा कोणता? या आक्षेपांना क्लिफर्डकडे समाधानकारक उत्तर नाही. असं असूनही त्याचा निबंध टाकून देता येत नाही, कारण त्याच्या गोष्टीत जहाजावर इतर माणसं आहेत. जेम्सचं आवडतं उदाहरण आहे गिर्यारोहकाचं: दरी ओलांडायला उडी मारलीच पाहिजे, 'जमेल' असं वाटलं तर जमण्याची शक्यता वाढते. बरोबर आहे. पण तो एकटा आहे, उडी त्याची आहे, पडला तर तोच पडणार आहे. क्लिफर्डचा मालक मात्र किनाऱ्यावर सुरक्षित उभा आहे. श्रद्धा त्याची, बुडणारे दुसरे.

आमच्या मते या वादाची खरी किल्ली इथे आहे. श्रद्धेला विचारायचा पहिला प्रश्न 'पुरावा आहे का' हा नाहीच. 'या जहाजावर कोण बसलंय' हा आहे.

दोन साधी उदाहरणं घेऊ. कावीळ झाली की गळ्यात माळ घालणं, कावीळ उतरवून घेणं हे आपल्याकडे अजून चालतं. 'अ' प्रकारची विषाणूजन्य कावीळ बहुतेक रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय माळेला जातं, 'आला ना गुण!' असं सगळे म्हणतात. इथे क्लिफर्डचा मुद्दा आठवा: जहाज पोचलं म्हणून मालक निर्दोष ठरत नाही. कारण पुढच्या रुग्णाची कावीळ वेगळ्या, घातक कारणाने झालेली असू शकते, आणि त्याच्याही गळ्यात तीच माळ पडणार असते. सर्पदंशाचं तसंच. आपल्याकडचे बरेच साप बिनविषारी, म्हणून मांत्रिकाला यश येतंसं दिसतं. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलं असेल, तर मंत्रात गेलेला वेळ हाच जीव घेतो. महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने इथे नेमकी रेघ ओढली आहे. तो कुणाच्या मनातल्या श्रद्धेला हात लावत नाही. पण साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून गंडादोरा, मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवतो. कायदा करणाऱ्यांनी क्लिफर्ड वाचला होता की नाही, हा मुद्दा नाही. विचार तोच आहे.

म्हणून जेवणाच्या ताटाशी बसलेल्या त्या प्रश्नाला आमचं उत्तर असं. घरात आजारी माणूस असेल, तर डॉक्टरांवर विश्वास टाका; पण त्यांना प्रश्नही विचारा, कारण टाकलेला विश्वास आंधळा असलाच पाहिजे असं नाही. देवापुढे दिवा लावावासा वाटला, तर लावा. त्यात तुम्ही कुणाला जहाजावर बसवलेलं नाही, आणि ज्याने रात्र निभते त्याची टिंगल करण्याचा अधिकार तत्त्वज्ञानाला नाही. पण दिव्यामुळे औषधाचा एक डोसही चुकणार असेल, तर तो दिवा तुमचा खाजगी राहत नाही. आणि ज्यांचा विश्वास बसत नाही, त्यांनी तो जबरदस्तीने बसवू नये. घरातल्यांनीही त्यांना तसं भाग पाडू नये. आशा धरायला विश्वास बसावाच लागतो असं नाही. 'बरं होईल' याची खात्री नसतानाही माणूस उशाशी बसून पाणी पाजतो, रात्रभर जागतो. जेम्सने श्रद्धेला जे काम दिलं, त्यातलं बरंचसं आशा करू शकते, आणि तिला कुठलंही विधान खरं मानावं लागत नाही.

इथून पुढचा प्रश्न उरतो. ज्यांना प्रत्यक्ष काही अनुभव आला, त्यांचं काय? त्यांचा विश्वास तर बसलेला आहे. जेम्सने एडिंबरोच्या व्याख्यानांत याच माणसांची निवेदनं गोळा केली, आणि १९०२ साली 'द व्हरायटीज ऑफ रिलिजस एक्सपिरियन्स' हा ग्रंथ आला. त्यात एका फ्रेंच माणसाचा म्हणून दिलेला भयाचा अनुभव खुद्द जेम्सचा होता, हे नंतर त्यानेच कबूल केलं. पुढच्या व्याख्यानात तो ग्रंथ घेऊ. अनुभव हा पुरावा असतो का, आणि असला तर कुणासाठी, एवढा एक प्रश्न तोवर मनात घोळवून या.