बारमाही नाताळ आणि आपले साहित्य

डिसेंबर उजाडला की आपल्या नियतकालिकांचे नाताळ विशेषांक घरोघर येऊ लागतात. मुखपृष्ठावर तारा, गव्हाणी आणि तीन ज्ञानी पुरुष. आत धर्मगुरूंचे संदेश, कविता, दोन-तीन कथा, कुसवारच्या पाककृती आणि एखादी हळवी आठवण. नाताळचा आनंद वर्षभर जपावा, हे आवाहन यांपैकी बहुतेक लेखनातून केलेले असते. व्यासपीठावरून ते ऐकताना कोणी हरकत घेत नाही. परंतु ज्या लेखनातून हे आवाहन केले जाते, ते लेखन स्वतः तरी प्रकटीकरणाच्या सणापलीकडे टिकते काय, हा प्रश्न समीक्षेने विचारावयास हवा. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच मर्यादित आहे.

विशेषांकांच्या इतिहासात एक गमतीची गोष्ट दडलेली आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली मुंबईत 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा सर्वसाधारणपणे तेथून मोजली जाते. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांवरून मित्रांना ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. म्हणजे नाताळ अंकाचे बीज मराठी भूमीत पडले आणि ते दिवाळीच्या नावाने फोफावले. त्या अंकांतून मराठी कथा वाढली, कविता वाढली, वैचारिक लेखनाला घर मिळाले. आपल्या नाताळ अंकांना तो पल्ला का गाठता आला नाही? वाचकवर्ग लहान, साधने तुटपुंजी, ही कारणे खरी आहेत; पण ती पुरेशी नाहीत. चांगल्या दिवाळी अंकाची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते आणि लेखकाला विषय मनात मुरवायला अवधी मिळतो. आपल्या नाताळ अंकातील पुष्कळसे लेखन मात्र एका बैठकीत उतरल्यासारखे वाटते. ज्याची वाट पाहिलेली नाही असा हा पाहुणा आहे.

या लेखनाचे तीन साचे चटकन ओळखू येतात. पहिला हिमाचा. गिरगावात किंवा दादरला डिसेंबरात फार तर पातळशी शाल लागते. तरी आपल्या कवितेत सूचिपर्णी वृक्षांवर बर्फ पडत असतो. दुसरा साचा हृदयपरिवर्तनाचा. एक श्रीमंत, कठोर गृहस्थ, एक अनाथ मूल, मध्यरात्रीच्या मिस्साची घंटा, आणि शेवटच्या परिच्छेदात अश्रू. तिसरा आठवणींचा. पूर्वीचा नाताळ कसा साधा होता आणि आता सारे कसे बाजारी झाले आहे, एवढेच सांगून तो थांबतो. तिन्ही साच्यांत एक उणीव समान आहे. कथानक चोवीस तारखेच्या संध्याकाळी उघडते आणि पंचवीसच्या सकाळी मिटते. आगमनकाळाचे चार आठवडेही त्यात नसतात, मग वर्षाची गोष्ट दूरच राहिली.

याउलट ख्रिस्तसभेची दिनदर्शिका हीच एक कुशल कथारचना आहे. देवदूताने पवित्र मारियेला संदेश दिला तो सण २५ मार्चला येतो, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी. बहुतेक वर्षी त्या वेळी उपवासकाळ चालू असतो. कपाळावरची राख पुसली गेलेली असते आणि क्रूसाची वाट समोर असते. अशा दिवसांत गव्हाणीच्या कथेचे पहिले पाऊल पडते. २४ जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा जन्म साजरा होतो, कारण मारियेला संदेश मिळाला तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना होता असे संत लूक सांगतो. नाताळनंतर चाळीस दिवसांनी, २ फेब्रुवारीला, बाळ येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण येतो. या तारखा ओळीने मांडल्या तर वर्षाच्या दोन्ही टोकांना नाताळ पसरलेला दिसतो. वर्षभर नाताळ जपण्यासाठी निराळी युक्ती शोधण्याची गरज नाही. उपासनेने ती केव्हाच करून ठेवली आहे.

शुभवर्तमानकारांची रीतही पाहण्याजोगी आहे. संत मत्तय आपला ग्रंथ उघडतो तो वंशावळीने. अब्राहामापासून दाविदापर्यंत चौदा पिढ्या, दाविदापासून बाबेलच्या बंदिवासापर्यंत चौदा, आणि तेथून ख्रिस्तापर्यंत चौदा. वाचक ही नावे ओलांडून पुढे जातो. पण त्या बेचाळीस पिढ्या ओलांडल्या की ताऱ्याला अर्थ उरत नाही. ज्याची इतकी वाट पाहिली तोच आला, हे सांगण्यासाठी आधी वाट दाखवावी लागते.

मराठीत ही वाट सर्वांत विस्ताराने दाखवली ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, सास्टीत राहिला, येथल्या माणसांची भाषा शिकला आणि त्याचा ओवीबद्ध ग्रंथ १६१६ साली रायतूर येथे छापून निघाला. दादरचे पोर्तुगीज चर्च १५९६ चे. म्हणजे ग्रंथ निघाला तेव्हा या बेटांवरील त्या धर्मग्रामाला वीस वर्षे झाली होती. 'क्रिस्तपुराण' हे नाव पुढे रूढ झाले. मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा अर्थ 'आपला तारणारा येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयी विवेचन' असा आहे. आगमन हा शब्द शीर्षकातच आहे, आणि ग्रंथाची बांधणी त्या शब्दाला जागते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या काव्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वर, दुसऱ्याचे एकोणसाठ. विश्वाची उत्पत्ती, आदामाचे पतन, कुलपिते, मोशे, राजे, संदेष्टे, हे सारे पहिल्या पुराणात येते. ख्रिस्ताचा जन्म दुसऱ्यात. श्रोत्याला बेथलेहेमपर्यंत पोहोचण्यासाठी छत्तीस अवस्वर चालावे लागते.

आजच्या वाचकाला ही चाल लांबते, हे मान्य केले पाहिजे. पहिल्या पुराणात उपदेशाचा पसारा आहे, काही ठिकाणी कवी मागे हटतो आणि धर्मशिक्षक पुढे येतो. तरीही रचनेमागचा विचार पक्का आहे. येथील नवख्रिस्ती श्रोते पुराणश्रवणाच्या संस्कारात वाढलेले होते. पुराण एका रात्रीत संपत नाही, ते दिवसामागून दिवस ऐकावयाचे असते, आणि शेवट ठाऊक असूनही श्रोता उद्या पुन्हा येतो. ग्रंथाच्या आरंभीच अशा पुराणाची मागणी श्रोत्यांकडून आल्याचे कवी सांगतो. त्याने ओवी घेतली ती केवळ गोड म्हणून नव्हे. दीर्घकाळ ऐकत राहण्याची सवय त्या छंदात होती म्हणून. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. भाषेवर असा घाला पडूनही ग्रंथ पोटाशी धरून ठेवणारी घरे होती, म्हणूनच तो आपल्यापर्यंत आला.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे 'ख्रिस्तायन' या संदर्भात आठवते. टिळक १९१९ साली गेले तेव्हा ते काव्य अपुरे होते; लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले आणि १९३८ साली ते प्रसिद्ध झाले. टिळकांचा पंथ आपल्याहून निराळा. पण ख्रिस्ताचे चरित्र घरातल्या कामासारखे वर्षानुवर्षे हाती धरून ठेवता येते, हा धडा पंथाच्या भिंतीपलीकडचा आहे.

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. वर्षभर नाताळ जपण्याची भाषा आपण ज्या कथेतून नकळत उचलली, ती चार्ल्स डिकन्स यांची १८४३ ची 'ए ख्रिसमस कॅरोल'. कृपण स्क्रूज एका रात्रीत बदलतो आणि नाताळ मनात वर्षभर बाळगण्याचे वचन देतो. आपल्या हृदयपरिवर्तनाच्या कथा याच झाडाच्या फांद्या आहेत. मात्र आपण मुळाशी असलेली एक गोष्ट घेतली नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी स्क्रूज कचेरीत येतो आणि आपल्या कारकुनाचा पगार वाढवतो. टर्की पक्ष्याची भेट एका दिवसाची असते. पगार महिन्यामागून महिना द्यावा लागतो. डिकन्स यांची कथा भाबडी वाटली तरी वर्षभर या शब्दाचा हिशेब तिने चुकवलेला नाही. आपल्या कथा अश्रूंपाशी थांबतात आणि पगाराच्या दिवसापर्यंत जात नाहीत.

हा दोष गिरणगावच्या शेजारात राहणाऱ्या समाजाच्या साहित्यात अधिक खटकतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या वर्षाचा नाताळ आला तेव्हाही भोंगे मुकेच होते. परळ-लालबागच्या चाळीत ज्या घरी अकरा महिने पगार आला नव्हता, त्या घराच्या खिडकीत तारा कसा लावला गेला असेल? मराठी रंगभूमीने जयंत पवार यांच्या 'अधांतर' या १९९७ च्या नाटकात गिरणी कामगाराच्या विस्कटलेल्या कुटुंबाची कहाणी मांडली. आपल्या विशेषांकांत अशा घरचा नाताळ किती वेळा आला, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

गव्हाणीची कथा तर याच रस्त्यांवर घडलेली आहे. टाकून दिलेले एक तान्हे मूल गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने उचलून घरी नेले आणि त्याला आपले नाव दिले. तेच पुढे 'माझे विद्यापीठ' लिहिणारे कविवर्य नारायण सुर्वे (१९२६–२०१०). सुर्वे ख्रिस्ती नव्हते आणि त्यांच्या चरित्रावर आपली श्रद्धा लादण्याचे काही कारण नाही. परंतु उतारशाळेत जागा नव्हती हे वाक्य दरवर्षी ऐकणाऱ्या वाचकाला, एका कामगाराने आपल्या अपुऱ्या खोलीत जागा केली, ही घटना ओळखीची वाटली पाहिजे. त्या कामगाराने नाताळची वाट पाहिली नव्हती. मूल ज्या दिवशी सापडले तोच त्याचा दिवस झाला. आपल्या लेखकांना बर्फ शोधत युरोपात जावे लागते आणि परळ दिसत नाही, हे आपल्या नाताळ साहित्याचे खरे दारिद्र्य होय.

आपल्या स्त्रिया मात्र या बाबतीत लेखकांच्या पुढे आहेत. नाताळच्या जेवणाचा मसाला डिसेंबरात होत नाही. वैशाखाच्या उन्हात मिरच्या वाळवाव्या लागतात. लालबागच्या बाजारात त्या दिवसांत मिरचीचा खकाणा उडत असतो. ईस्ट इंडियन घरांतील बाटली मसाला याच ऋतूत भाजून, कुटून, गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरला जातो. केकमधील सुका मेवा कित्येक आठवडे आधीच भिजत पडतो. शेजारी परळ-लालबागच्या कार्यशाळांत गणेशमूर्तींचे काम उत्सवाच्या कितीतरी महिने आधी सुरू झालेले असते. सणाला मुरायला वेळ लागतो, हे स्वयंपाकघराला आणि मूर्तिकाराला ठाऊक आहे. लेखणीला ते ठाऊक व्हावयाचे आहे.

म्हणून दोन साध्या सूचना कराव्याशा वाटतात. संपादकांनी नाताळ अंकाचे आवाहन २५ मार्चच्या सणाला प्रसिद्ध करावे. उपवासकाळात लिहायला घेतलेल्या नाताळकथेत क्रूसाची सावली आपोआप येईल आणि भाबडेपणा काहीसा गळून पडेल. दुसरी सूचना कुटुंबांसाठी आहे. 'क्रिस्तपुराणा'ची कारिदाद द्रागो यांनी सिद्ध केलेली देवनागरी आवृत्ती १९९६ साली मुंबईत पॉप्युलर प्रकाशनाने काढली. एकूण अवस्वर पंचाण्णव. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून दर रविवारी जेवणानंतर दोन अवस्वर मोठ्याने वाचले, तर अठ्ठेचाळीस रविवारांत ग्रंथ पुरा होतो आणि वर्षातले चार-पाच रविवार आजारपणाला, लग्नकार्याला शिल्लक राहतात. या हिशेबाने पहिले पुराण संपेल ते मार्चच्या अखेरीस, आणि बेथलेहेमची कथा घरात वाचली जाईल ती ऐन उन्हाळ्यात, मसाल्याच्या मिरच्या गच्चीवर वाळत असताना. जुनी भाषा मुलांना प्रथम अडेल. आजी-आजोबांपैकी कोणी शेजारी बसले तर ती फार काळ अडणार नाही.