मृगजळातले हरीण

गेल्या उन्हाळ्यात कसबा पेठेतल्या एका शाळेत विज्ञान शिक्षकांची छोटी बैठक झाली. विषय होता प्रकाशाचे वक्रीभवन. एका बाईंनी फळ्यावर मृगजळाची आकृती काढली. तापलेली जमीन, तिच्यालगतचे विरळ हवेचे थर, वळून डोळ्याकडे येणारे किरण, सगळे बिनचूक होते. कोपऱ्यात त्यांनी जीभ बाहेर काढून पाण्याच्या आशेने धावणारे एक हरीणही काढले. चित्र सर्वांनाच आवडले.

चहाच्या वेळी मी विचारले, भर दुपारी असे धावणारे हरीण आपल्यापैकी कोणी पाहिले आहे का? कर्जत तालुक्यातून आलेले एक गुरुजी म्हणाले, ''आमच्याकडची काळविटं दुपारी बाभळीखाली बसलेली असतात, सर.'' बाईंनी लगेच उत्तर दिले, ''हे हरीण कर्जतचं नाही, कालिदासाचं आहे.''

उत्तर झकास होते, आणि बरोबरही होते. म्हणूनच त्या हरणाचे परीक्षण करावे असे मनात आले.

ऋतुसंहार हे सहा सर्गांचे काव्य कालिदासाचे मानले जाते. काही विद्वानांना ते त्याचे वाटत नाही, पण तो वाद येथे नको. काव्याची सुरुवात ग्रीष्मापासून होते. पहिल्याच सर्गात प्रखर उन्हाने होरपळलेली, टाळू कोरडी पडलेली हरणे येतात. काजळाच्या चुऱ्यासारखे गडद आकाश पाहून, दुसऱ्या वनात पाणी आहे अशा समजुतीने ती धावत सुटतात. ज्याला आपण पाणी समजतो ते वस्तुतः आकाश आहे, हे येथे सांगितले गेले आहे. मृगजळाची सारी भौतिकी याच वाक्यात आहे, कारण जमिनीवर चमकते ते आकाशाचेच प्रतिबिंब. कवीला वक्रीभवन ठाऊक होते असा दावा मी करणार नाही. तसले दावे करणाऱ्यांचा आपल्याकडे तुटवडा नाही. पण त्याने नीट पाहिले होते, एवढे नक्की.

अडचण आहे ती धावण्यात. थोडे गणित करू. जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा २० अंश सेल्सिअसने अधिक तापली आहे असे धरा. अशा वेळी जमिनीशी सुमारे एक तृतीयांश अंशापेक्षा लहान कोन करणारे किरणच वळून वर येतात. म्हणजे दीड मीटर उंचीवरच्या माणसाच्या डोळ्याला 'पाणी' सुमारे २६० मीटरपासून पुढे दिसेल. डोळा पाऊण मीटरवर आणला की ते १३० मीटरवर येते. मान खाली घालून चरणाऱ्या प्राण्याचा डोळा तीस सेंटिमीटरवर असेल आणि मध्ये गवत आड येत नसेल, तर जेमतेम पन्नास मीटरवर. विद्यार्थ्यांना हे करून पाहता येईल. रहदारी नसलेला सरळ डांबरी रस्ता हवा (कसब्यातल्या गल्ल्या पन्नास मीटरसुद्धा सरळ जात नाहीत, त्यामुळे पेठेबाहेर जावे लागेल). आधी उभे राहून पाहा, मग उकिडवे बसून पाहा. पाणी जवळ सरकते.

याचा अर्थ असा की उघड्या माळावरच्या काळविटाच्या नजरेसमोर फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत रोज दुपारी, आपल्यापेक्षा कितीतरी जवळ, तळे पसरलेले असते. प्रत्येक वेळी त्याच्यामागे धावणारी जात शिल्लक राहिली नसती. पळताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश उष्णतेत जाते. ती उष्णता शरीराबाहेर टाकायची तर धापा टाकून पाणी उडवावे लागते. म्हणजे पाणी शोधायला निघालेला प्राणी पाणीच गमावून बसेल.

प्रत्यक्षात तो काय करतो? जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या जंगलात चितळांचा अभ्यास केला. त्यावरचे त्यांचे 'द डिअर अँड द टायगर' हे पुस्तक १९६७ मध्ये निघाले. त्यातली उन्हाळ्यातली चितळे सकाळ-संध्याकाळ चरतात आणि मधले तापते तास सावलीत रवंथ करत काढतात. पाणी नेहमीच्या पाणवठ्यावर, रुळलेल्या वाटेने जाऊन पितात. सांबर तर बहुतेक कामे रात्रीच उरकते. काळवीट दिवसा वावरणारा आहे, पण ऊन चढले की तोही मंदावतो. रेहेकुरीच्या अभयारण्यात (स्थापना १९८०, क्षेत्र अवघे २.१७ चौरस किलोमीटर) एप्रिलच्या दुपारी गेलेली शाळेची सहल 'हरणे दिसलीच नाहीत' म्हणत परतली, तर दोष सहलीच्या वेळेचा. जाता जाता एक खुलासा. चितळ आणि सांबर यांची शिंगे गळतात व पुन्हा उगवतात. काळविटाची कायम राहतात, म्हणून शास्त्रीय वर्गीकरणात तो वेगळ्या कुळात जातो. मराठीत मात्र दोघेही हरीणच.

या स्वस्थ बसण्यामागे एक सुंदर यंत्रणा आहे. या प्राण्यांत मेंदूकडे जाणारे रक्त कवटीच्या तळाशी बारीक धमन्यांच्या जाळ्यातून जाते. नाकाच्या ओलसर अस्तरातून थंड होऊन परतणारे अशुद्ध रक्त त्या जाळ्याभोवती खेळत असते. त्यामुळे मेंदूकडे जाणारे रक्त थोडे निवते. शेळ्यामेंढ्यांतही हे जाळे असते, घोड्यात नसते. टेलर आणि लायमन यांनी १९७२ मध्ये आफ्रिकेतल्या एका लहान हरणाला पट्ट्यावर पळवून दाखवले की शरीर तापले तरी मेंदू त्या मानाने थंड राहतो. त्यावरून बरीच वर्षे शिकवले गेले की ही सोय पळण्यासाठीच आहे. पुढे मोकळ्या रानातल्या जनावरांच्या शरीरात तापमापक बसवून नोंदी घेतल्या, तेव्हा चित्र उलटे निघाले. भयाने पळताना ही यंत्रणा जवळजवळ बंद पडते, आणि उन्हात शांत असताना ती काम करते. मेंदू निवला की धापा आणि घाम कमी होतात, म्हणजेच पाणी वाचते. बाभळीखालचे काळवीट रिकामे बसलेले नसते.

मग कालिदासाला हरीण कळलेच नव्हते का? शाकुंतलाचा पहिला अंक उघडावा. दुष्यंताच्या रथापुढे पळतो तो कृष्णसार, म्हणजे काळवीटच. तो मान वळवून मागे पाहतो, श्रमाने उघडलेल्या तोंडातून अर्धवट चघळलेले दर्भ वाटेवर सांडतात, आणि उड्या अशा की जमिनीपेक्षा हवेतच अधिक. घाबरलेल्या काळविटाच्या उंच उड्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला यात एक शब्दही बदलावासा वाटणार नाही. येथे धावण्याचे कारण भय आहे, आणि उघडे तोंड बरोबर त्या जागी आले आहे. माझे मत विचाराल तर शाकुंतलातले हरीण पाहिलेले आहे. ऋतुसंहारातले पाहिलेल्या आकाशाला ऐकीव हरीण जोडून झाले आहे.

संस्कृतच्या शिक्षकांचा आक्षेप मला ऐकू येतो: काव्याला प्राणिशास्त्राचे माप का लावता? मान्य. त्याच सर्गात उन्हाने त्रासलेला साप मोराच्या सावलीत विसावतो आणि बेडूक नागाच्या फणीखाली. ते आपण विज्ञानाच्या तासाला शिकवत नाही. हरीण मात्र शब्दाबरोबर पाठ्यपुस्तकात शिरले. त्यातही 'मृग' म्हणजे मुळात कोणताही रानटी प्राणी, जसे मृगया, मृगेंद्र. म्हणजे 'मृगतृष्णा' या शब्दाने फसण्याचा आळ एकट्या हरणावर घेतलाच आहे असे नाही.

या चुकीची किंमत वर्गाबाहेरही मोजावी लागते. हवामान बदलले की हरणाचे वेळापत्रक बदलते, हे ध्यानात न घेता केलेली मोजणी फसते. महाराष्ट्रातल्या जंगलांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरचे प्राणी मोजण्याची जुनी प्रथा आहे. आदल्या दिवशी वळवाची एक सर पडली की खड्ड्याखड्ड्यांत पाणी साचते, चितळांना पाणवठ्यावर यायचे कारण उरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी 'हरणे घटली' अशी बातमी येते. त्यापुढच्या वर्षी कडक उन्हाळा पडतो आणि तीच हरणे 'वाढतात'. आता वनविभागही या उपक्रमाला मोजणीपेक्षा निसर्गानुभव म्हणू लागला आहे, ते योग्यच झाले. तरीही विद्यार्थ्यांना घेऊन कोणी मचाणावर जाणार असेल, तर नोंदवहीत प्राण्यांच्या रकान्याआधी आणखी तीन रकाने आखावेत: मागच्या आठवड्यातला पाऊस, त्या दिवशीचे कमाल तापमान, आणि आसपासच्या डबक्यांत पाणी आहे की नाही.