‘प्रमुखाचा चषक’ : प्रतिमा आणि पुरावा

क्रीट बेटाच्या दक्षिण भागातील हागिया त्रियादा येथे विसाव्या शतकाच्या आरंभी इटालियन पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. त्यात उठावाचे कोरीव काम असलेली तीन प्रसिद्ध पाषाणपात्रे मिळाली. त्यांपैकी दोन विधिप्रसंगी द्रव ओतण्याची पात्रे होत. तिसरे मात्र पिण्याचे पात्र आहे. ‘प्रमुखाचा चषक’ या नावाने ओळखले जाणारे हे पात्र आज हेराक्लियोनच्या संग्रहालयात आहे. त्याचा काळ इ. स. पू. सुमारे १५५० ते १४५० असा मानला जातो. मऊ, गडद रंगाच्या दगडात घडविलेल्या या चषकाची उंची अवघी साडेअकरा सेंटिमीटरांच्या आसपास आहे.

चषकाच्या एका बाजूस दोन पुरुष समोरासमोर उभे आहेत. एकाने हात पुढे करून उभा दंड धरला आहे. दुसऱ्याच्या खांद्यावर तलवार आहे. मागील बाजूस तीन माणसे मोठ्या आकाराच्या वस्तू वाहून नेत आहेत. प्रारंभी या वस्तू ढाली समजल्या गेल्या आणि साहजिकच समोरचा प्रसंग सेनानायक व त्याचा अधिकारी यांचा ठरला. पुढे ती जनावरांची कातडी असल्याचे मत मान्य झाले. तरी ‘प्रमुख’ हे नाव टिकून राहिले. एका चुकलेल्या वाचनाची सावली नावाच्या रूपाने आजही या चषकावर पडली आहे.

१९८६ साली रॉबर्ट केल यांनी या चित्राचा निराळा अर्थ मांडला. इ. स. पू. चौथ्या शतकातील इतिहासकार एफोरस याने क्रीटमधील एका चालीचे वर्णन केले असून ते स्ट्राबोच्या भूगोलग्रंथात उतरले आहे. त्यानुसार प्रौढ प्रियकर युवकाचे ठरवून हरण करी व दोन महिन्यांच्या सहवासानंतर त्याला योद्ध्याचा वेष, एक बैल आणि एक चषक देऊन निरोप देई. तलवार, कातडी आणि ज्यावर हे सारे कोरले आहे ते पात्र, या तिन्ही गोष्टींची संगती या उपपत्तीने लागते. हे दृश्य चषकावरच का कोरले, या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर आहे, हे तिचे खरे बळ होय.

परंतु संगती लागणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. चषक व एफोरस यांच्यात हजाराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. एफोरसने वर्णिलेले क्रीटवासी ग्रीक भाषक होते. १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिस यांनी उलगडलेली रेखालिपी ‘ब’ ग्रीक ठरली. तिच्या पूर्वीची रेखालिपी ‘अ’, जी या चषकाच्या काळात प्रचलित होती, अद्याप वाचली गेलेली नाही. भाषा आणि सत्ता बदलूनही विधी टिकला, हे गृहीत धरता येणार नाही. ते स्वतंत्रपणे दाखवावे लागेल. शिवाय ग्रंथातील बैल जिवंत दिला जातो व नंतर देवाला बळी जातो. चषकावर दिसतात ती केवळ कातडी.

या वादात एक साधी गोष्ट मागे पडते. हा चषक हातात धरून फिरविण्याची वस्तू आहे. दोन पुरुषांची भेट पाहताना कातडी वाहणारे दृष्टीआड असतात. ते समोर आले की भेट नाहीशी होते. दोन्ही दृश्ये जोडते ती पिणाऱ्याच्या हाताची हालचाल. पुस्तकातील सपाट रेखाटनात पाचही व्यक्ती एका रांगेत येतात आणि तेथे मिरवणुकीचा भास होतो. दोन पुरुषांमधील मोकळी जागा, तीमधील निश्चल दंड आणि मागे वाकलेले, ओझ्याने झाकलेले देह यांचा विरोध हाच या कृतीचा प्रत्यक्ष आशय आहे. कातडी कोणाची, कोणासाठी, हे शिल्पकाराने सांगितलेले नाही. श्रम एका बाजूस आणि मान दुसऱ्या बाजूस, एवढे मात्र त्याने नि:संदिग्धपणे कोरले आहे.

केल यांची उपपत्ती त्याज्य नव्हे. तिने चषकाकडे चषक म्हणून पाहण्यास शिकविले. मात्र उत्तरकालीन ग्रंथ हा प्रतिमेला प्रश्न विचारण्याचे साधन असावा, तिच्या वतीने उत्तर देण्याचे नव्हे. हा विवेक सुटला, तर ढालींच्या जागी कातडी येतील, सेनानायकाच्या जागी प्रियकर येईल. परंतु चूक तीच राहील.