भिंत आणि खेळ
खेळाला मोकळे मैदान हवे, असे आपण गृहीत धरतो. मला ते पटत नाही. १९८० साली जपानच्या नामको कंपनीने काढलेला 'पॅकमॅन' हा व्हिडिओ गेम पाहावा. तोरू इवातानी यांनी रचलेल्या या खेळात लहानमोठे २४४ ठिपके खायचे आणि चार भुतांपासून वाचायचे. भिंती काढल्या तर उरेल ती नुसती धावपळ. कोठे वळावे हा निर्णय भिंतीमुळेच घ्यावा लागतो. शिवाय त्याच भिंती भुतांनाही अडवतात. दोन्ही कडांना बोगदा आहे. डावीकडे बाहेर पडलेला उजवीकडून आत येतो, आणि तिथे भुतांचा वेग मंदावतो. पाठलाग होणाऱ्याला निसटायला वाट ठेवलेली आहे.

मात्र एक भेद विसरता कामा नये. खेळातली भिंत खेळणाऱ्याने आपखुशीने पत्करलेली असते; कंटाळला की तो उठून जातो. गावाच्या वेशीबाहेर ज्यांना ठेवले गेले, त्यांना कोणी विचारले नव्हते. म्हणून 'जीवन हा एक खेळच आहे' असे सहज लिहिणाऱ्या समीक्षकाला मी एवढेच विचारीन: ही सीमा कोणी आखली, आणि ती पाठलाग करणाऱ्यालाही अडवते काय?