रडणारी बाई आणि द्राक्षांचा घड

माझ्या नातवाने वेस्पासियन बादशहाच्या चांदीच्या नाण्याचे चित्र मोठे करून छापून दिले. मूळ नाणे, देनारियस, अंगठ्याच्या नखाएवढे. वजन तीन-साडेतीन ग्रॅम. एका बाजूला बादशहाचा जाड मानेचा चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट. दुसऱ्या बाजूला खांबावर टांगलेले चिलखत आणि शिरस्त्राण, म्हणजे रोमनांचे विजयचिन्ह. त्याच्या पायथ्याशी हातावर डोके टेकून बसलेली बाई. खाली एकच शब्द, यूदेया. इ.स. ७० मध्ये आपले बेथ हमिकदाश जळाले, त्या सुमाराचे हे नाणे.

बिरड्याच्या रोजाला आपण एखा ऐकतो, त्यातही येरुशलेम विधवा बाईसारखी आहे. म्हणून हे चित्र पाहताच पोटात कालवते. कोरणाऱ्याला तिची दया आली असावी, असे काही जण म्हणतात. मला पटत नाही. हा रोमचा ठरलेला साचा. पुढे ट्राजानने डेसिया जिंकला, तेव्हा हरलेला डेसियन असाच विजयचिन्हापाशी बसवला. लग्नपत्रिकेत नावे बदलावीत, तसे. बाई सुबक आहे, पण ती कोणाचीच नाही.

खरा घाव पुढेच आहे. मंदिरासाठी आपण दरवर्षी अर्धा शेकेल देत असू. रोमने तो बंद केला नाही. माणशी दोन देनारियस ठरवून ज्युपिटरच्या देवळाकडे वळवला. म्हणजे आपलीच रडणारी बाई मोजून द्यायची, तीही परक्या देवाला.

साठ वर्षांनी, १३२ ते १३५ च्या बंडात, बार कोखबाच्या माणसांनी रोमन देनारियस गोळा करून त्यांवरच आपले ठसे मारले: द्राक्षांचा घड, वीणा, सुरई, दोन कर्णे. प्राचीन इब्री लिपीत ‘शिमोन’, ‘येरुशलेमच्या स्वातंत्र्यासाठी’. गुण द्यायचे तर कारागिरीत रोमन नाणे पुढे. आपली अक्षरे वाकडी, कुठे काठाबाहेर गेलेली. माझ्या वर्गात असे अक्षर आले असते, तर पुन्हा लिहायला लावले असते. तरी हे नाणे मला मोठे वाटते, कारण इथे कोणी कोणाच्या पायाशी बसलेले नाही. चित्रे सगळी मंदिरातली आणि मळ्यातली.

ठसा घाईने मारलेला असला, की जुने चित्र पुरते पुसले जात नाही. एका नाण्यावर घडाच्या कडेला बादशहाच्या मुकुटाची पाने दिसतात. चित्र उलटे धरून, भिंग लावून मी ती शोधत बसते. नातू म्हणतो, “आजी, आता जेवायला चल.”